वेग, ताप आणि विवेक

अलीकडे आमच्या शाळेच्या वरच्या वर्गांत एक नवीन छंद मूळ धरूं लागला आहे. मधल्या सुटींत पटांगणाच्या कडेला पूर्वीं क्रिकेटच्या धावांची चर्चा चाले. आतां तेथें "माझा साडेचारावर चालतो", "माझा पांचाला टेकला" असे उद्गार कानीं येतात. हे आंकडे धावांचे नव्हेत व परीक्षेच्या गुणांचेहि नव्हेत. घरच्या टेबलावरील संगणकाच्या प्रोसेसरचा वेग किती गिगाहर्ट्झ आहे, त्याचे ते आहेत. कारखान्यानें ठरवून दिलेल्या वेगाहून अधिक वेगानें आपला संगणक चालविणें, ह्यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. गेल्या सत्रांत एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले व म्हणाले, "सर, आमचे चिरंजीव रात्रीं बारा बारा वाजेपर्यंत यंत्र उघडून बसतात. आधीं यंत्र बिघडेल कीं मुलगा, हें आम्हांस कळेनासें झालें आहे. हा छंद चालूं द्यावा कीं बंद करावा?" त्या दिवशीं आम्हीं त्यांस चहा दिला व उत्तर पुढें ढकललें. तें उत्तर आज ह्या वार्षिकांतून देत आहों. कारण हा प्रश्न आतां एका घरचा राहिलेला नाहीं.

आमचें मत थोडक्यांत असें आहे कीं, हा छंद त्याज्य नाहीं. किंबहुना नीट केला तर पदार्थविज्ञानाच्या चार तासांत जें शिकवितां येत नाहीं, तें तो शिकवितो. परंतु ज्या घरीं एकच संगणक असून त्यावर साऱ्या कुटुंबाचें काम चालतें, त्या घरीं वेग वाढविण्याचा हक्क एकट्या मुलाचा नाहीं. आणि ज्यानें आपल्या यंत्राची पुरती परीक्षा घेतली नाहीं, त्यानें "माझें यंत्र उत्तम चालतें" असें म्हणूं नये. ह्या मताचीं कारणें आतां क्रमानें सांगतों.

प्रथम वेग म्हणजे काय तें पाहूं. प्रोसेसर आपलें काम घड्याळाच्या ठोक्यांवर करतो. हल्लींच्या बहुतेक यंत्रांत मूळ ठोका सेकंदास १० कोटी वेळां, म्हणजे १०० मेगाहर्ट्झचा असतो. प्रोसेसर त्यास एका गुणकानें गुणतो. गुणक ४५ असला कीं वेग ४,५०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ४.५ गिगाहर्ट्झ होतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे बहुधा हा गुणक वाढविणें. ४५ चा ४६ करावा, ४६ चा ४७ करावा. आंकडा बदलणें कुणालाहि जमतें. पण त्या आंकड्याच्या पोटांत काय आहे तें पाहावें. ५ गिगाहर्ट्झच्या वेगांत एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत सेकंदाच्या ५०० कोटींव्या भागाइतकाच अवकाश मिळतो. तेवढ्या अवधींत प्रकाशदेखील अवघा ६ सेंटीमीटर जातो. इतक्याशा वेळांत विजेच्या खुणेला ट्रान्झिस्टररूपी अनेक सूक्ष्म दारें ओलांडून पुढच्या ठिकाणीं पोंचावें लागतें. ती वेळेवर पोंचली तर बेरीज बरोबर येते. ती पोंचण्यापूर्वींच पुढचा ठोका पडला तर चुकीचा आंकडा पुढें जातो. व्होल्टेज वाढविलें कीं हीं दारें लवकर उघडतात, म्हणून वेग वाढविणारे व्होल्टेजहि वाढवितात. आणि येथूनच तापाला आरंभ होतो.

मग कारखानदार स्वतःच अधिक वेग कां देत नाहीं, असा प्रश्न विद्यार्थी नेहमीं विचारतात. एका भट्टींतल्या साऱ्या विटा जशा सारख्या भाजत नाहींत, तसे एकाच सिलिकॉनच्या तबकडींतून निघालेले तुकडे सारखे निपजत नाहींत. कांहीं थोड्या व्होल्टेजवर झपाट्यानें चालतात, कांहींना अधिक लागतें. छापलेला वेग मात्र त्या जातीच्या प्रत्येक तुकड्यास, कोंदट खोलींत, साध्या पंख्याखालीं, वर्षानुवर्षें झेपला पाहिजे. म्हणून कारखाना थोडी जागा राखून तो ठरवितो. वेग वाढविणारा वापरतो ती ही राखलेली जागा. ती कुणाच्या तुकड्यांत अधिक असेल, कुणाच्यांत जवळजवळ नसेल. तेव्हां मित्राच्या यंत्राचे आंकडे आपल्या यंत्रांत भरणें म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा आपल्या नाकावर चढविण्यासारखें आहे.

हा छंद नवा वाटला तरी नवा नाहीं. १९८४ सालीं आय.बी.एम. कंपनीनें काढलेल्या पीसी एटी नांवाच्या संगणकाचा वेग ६ मेगाहर्ट्झ होता. हौशी लोकांनीं त्यांतील ठोके देणारा स्फटिक काढून अधिक वेगाचा बसविला व यंत्र ८ मेगाहर्ट्झपर्यंत नेलें. १९९८ सालीं इंटेलचा सेलेरॉन ३०० ए हा प्रोसेसर निघाला. त्याचा मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झवरून १०० वर नेला कीं ३०० चा वेग ४५० होई. दीडपट लाभ, आणि तोहि स्वस्त वस्तूवर! जुन्या मंडळींच्या तोंडीं ह्या छंदाची जी कीर्ति आहे, ती त्या दिवसांची आहे. पुढें २००८ सालच्या कोअर आय-७ पासून प्रोसेसर स्वतःच आपलें तपमान व विजेचा खर्च पाहून वेग वरखालीं करूं लागले. राखलेली जागा हल्लीं कारखानाच बहुतेक वापरून टाकतो. हातानें मिळवावयास फारच थोडी उरते. शिवाय ही मोकळीक प्रत्येक यंत्रांत नसते. इंटेलच्या प्रोसेसरांत सामान्यतः ज्यांच्या नांवांत शेवटीं "के" हें अक्षर येतें त्यांचाच गुणक मोकळा असतो, व त्यांस "झेड" वर्गाचा मदरबोर्ड लागतो. ए.एम.डी.च्या रायझेन प्रोसेसरांत ही मोकळीक अधिक आहे, पण तेथेंहि "ए" वर्गाचे स्वस्त मदरबोर्ड ती देत नाहींत. मांडीवरील लहान संगणकास तर ह्या खेळांत ओढूंच नये. त्यांत उष्णता जावयास जागाच नसते.

आतां तापाचें गणित मांडूं. प्रोसेसरमध्यें निघणारी उष्णता वेगाच्या प्रमाणांत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. समजा, ४ गिगाहर्ट्झ वेगानें व १.२० व्होल्टवर चालणारा एक प्रोसेसर पूर्ण भाराखालीं १०० वॅट उष्णता देतो. त्याचा वेग शेंकडा १० नें वाढवून ४.४ केला, आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजहि शेंकडा १० नें वाढवून १.३२ केलें. उष्णता १.१ × १.१ × १.१, म्हणजे १.३३ पट होईल. १०० वॅटचे १३३ वॅट झाले. आतां लाभ पाहा. पूर्वीं जें काम १० मिनिटांत होई, तें आतां सुमारें ९ मिनिटें ५ सेकंदांत होईल. आणि तेंहि, काम सर्वस्वीं प्रोसेसरवरच अवलंबून असलें तर. चकतीची, इंटरनेटची किंवा ग्राफिक्स कार्डाची वाट पाहणारें काम असलें तर तेवढाहि लाभ नाहीं. ५५ सेकंदांसाठीं एक तृतीयांश अधिक ताप! आणि निबंध लिहिणाऱ्याच्या बोटांचा वेग तर कोणत्याहि गुणकानें वाढत नाहीं.

ह्या तापाचा आपल्या हवेशीं निकट संबंध आहे. पंखा कितीहि चांगला असो, तो प्रोसेसरला खोलीच्या हवेहून थंड करूं शकत नाहीं. खोलीच्या हवेपेक्षां प्रोसेसर किती अंश वर चढेल, एवढेंच त्याच्या हातीं असतें. वरच्या उदाहरणांत १०० वॅटला ही चढ ४५ अंश धरली, तर १३३ वॅटला ती सुमारें ६० अंश होते. जानेवारींत पुण्यास खोली २२ अंश असतां प्रोसेसर ८२ अंशांवर राहील आणि मालक समाधानानें झोंपीं जाईल. तेंच यंत्र मे महिन्यांत नागपूर-जळगांवकडच्या ४० अंशांच्या खोलींत चालविलें तर प्रोसेसर १०० अंशांस भिडेल. बहुतेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९० ते १०५ अंशांच्या दरम्यान असते. ती गांठतांच प्रोसेसर आपला जीव राखण्यासाठीं आपोआप वेग कमी करतो. म्हणजे हिवाळ्यांत कष्टानें मिळविलेला वेग उन्हाळ्यांत परत देऊन टाकावयाचा! थंड देशांतील खोल्यांत बसून ठरविलेले आंकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागूं पडत नाहींत, त्याचें कारण हेंच. कुणी विद्यार्थी म्हणेल कीं, परदेशांत ९ गिगाहर्ट्झचा पल्ला गांठला गेला आहे. होय, २०२२ सालीं तो गांठला गेला. पण त्यासाठीं प्रोसेसरवर द्रवरूप हेलियम ओतावा लागला, आणि त्या यंत्रावर कुणी घरचा हिशेब ठेवीत नाहीं. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथें शब्दशः खरी आहे. आणि आपलें अंथरूण आपल्या खोलीच्या हवेचें आहे.

म्हणून गुणकास हात लावण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें ब्रश हातीं घ्यावा, असें आमचें सांगणें आहे. यंत्र बंद करून, विजेची तार काढून, कॅबिनेटची बाजू उघडावी. हीटसिंकच्या पत्र्यांत वर्षाची धूळ लोकरीसारखी बसलेली असते. ती मऊ ब्रशानें काढावी व त्या वेळीं पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें, म्हणजे तें वाऱ्यानें गरगर फिरून बिघडत नाहीं. वीज पुरविणारी पेटी मात्र मुलांनीं कधींहि उघडूं नये. तार काढल्यावरहि तिच्यांत धोक्याची वीज शिल्लक असूं शकते. पुढून थंड हवा आंत यावी व मागून-वरून ऊन हवा बाहेर जावी, अशी पंख्यांची दिशा आहे कीं नाहीं तें पाहावें. प्रोसेसर व हीटसिंक ह्यांच्यामधील थर्मल पेस्ट वाळून गेली असेल तर जुनी पुसून नवी, वाटाण्याएवढी, लावावी. चपातीला तूप माखावें तशी थापूं नये. कॅबिनेट भिंतीस चिकटवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यांत कोंबूं नये. धूळ बसूं नये म्हणून आईनें प्रेमानें शिवलेली कापडी खोळ यंत्र चालूं असतांना तशीच राहिलेली आम्हीं एकापेक्षां अधिक घरीं पाहिली आहे. कित्येक यंत्रें एवढ्यानेंच पूर्वीपेक्षां चपळ होतात. कारण तीं मुळांत मंद नव्हतीं, गुदमरलेलीं होतीं. हा लाभ फुकटचा आहे व त्यांत कसलाहि धोका नाहीं.

येथवर वाचून कुणी म्हणेल कीं, सरांना स्वतःस भीति वाटते म्हणून ते आम्हांस भीति घालतात. तेव्हां आमची स्वतःची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. चार वर्षांपूर्वीं जानेवारी महिन्यांत आम्हींहि घरच्या यंत्राचा वेग वाढविला; प्रोसेसरचा थोडा, आणि रॅमचा तिच्यावरील छापील आंकड्याच्याहि वर. यंत्र सुरू झालें. रॅमची कसोटी अर्धा तास चालविली, तींत एकहि चूक निघाली नाहीं. तो आंकडा कागदावर लिहून आम्हीं शिक्षकांच्या खोलींत दाखविला, हेंहि कबूल केलें पाहिजे. पुढें मे महिन्याच्या सुटींत आम्हीं आमच्या दिवंगत मातोश्रींचीं व घरचीं जुनीं छायाचित्रें जुन्या चकतीवरून नव्या चकतीवर उतरविलीं. सुमारें दोन हजार फाइली होत्या. यंत्रानें एकदांहि कुरकुर केली नाहीं. काम पूर्ण झाल्याचा निरोपहि दिला. आम्हीं विश्वासानें जुनी चकती पुसून धाकट्या भावास देऊन टाकली.

दिवाळींत बहिणी माहेरीं आल्या, तेव्हां सारीं छायाचित्रें पाहावयास बसलीं. कांहीं चित्रांचा वरचा भाग नीट व खालीं नुसता करडा पडदा, कांहीं उघडेचनात. मोजून ३७ चित्रें गेलीं होतीं. त्यांतील एक, आई अंगणांत पापड वाळत घालीत आहे असें, दुसरें कुठेंच नव्हतें. धाकटी बहीण एवढेंच म्हणाली, "दादा, हें यंत्र तर तुमचें फार वेगवान् होतें ना?" तिनें तें टोंचून म्हटलें नव्हतें, म्हणूनच तें आम्हांस अजून टोंचतें. त्या रात्रीं आम्हीं रॅमची कसोटी पुनः लावली व सकाळपर्यंत चालूं ठेविली. पहिल्या फेरींत चूक नव्हती, दुसरींत नव्हती. चौथींत चुका निघाल्या. रॅमच्या सूक्ष्म कोठारांतील विद्युद्भार उष्णतेनें लवकर गळतो, हें आम्ही वर्गांत शिकवूं शकलों असतों. पण स्वतःच्या यंत्राची परीक्षा आम्हीं हिवाळ्यांत व अर्ध्या तासांत उरकली होती. खरी परीक्षा मे महिन्यांनें घेतली, आणि तिचा निकाल दिवाळींत लागला.

ह्या अनुभवावरून आम्हांस जें कळलें तें असें. जें यंत्र चुकल्यावर बंद पडतें, त्याचें आपल्यावर उपकारच आहेत. तें आपला दोष तोंडावर सांगतें. भीति बाळगावी ती न बोलतां चुकणाऱ्या यंत्राची. सात व आठ सोळा असें तें क्वचित् एखाद्या वेळीं म्हणतें, आणि पुनः शहाण्यासारखें काम करूं लागतें. ती चूक कुणाच्या हिशेबांत, कुणाच्या प्रकल्पांत, कुणाच्या आईच्या चित्रांत जाऊन बसली, हें महिनोन् महिने कळत नाहीं. म्हणून "सुरू झालें" आणि "स्थिर आहे" ह्या दोन विधानांत फार अंतर आहे.

स्थिरता पारखण्याचीं साधनें विनामूल्य मिळतात. प्राइम ९५ नांवाचा एक कार्यक्रम आहे. मर्सेन नांवाच्या फ्रेंच विद्वानाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या प्रचंड मूळ संख्या शोधण्यासाठीं १९९६ सालीं जो सामुदायिक उपक्रम सुरू झाला, त्यासाठीं तो लिहिला गेला. तेथें आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या गुणाकारांत एक अंक चुकला तरी सारें काम फुकट. म्हणून यंत्र विश्वासू आहे कीं नाहीं हें पडताळण्याची सोय त्यांतच ठेविली आहे. हीच सोय आज वेग वाढविणाऱ्यांची प्रसिद्ध कसोटी झाली आहे. रॅमसाठीं मेमटेस्ट ८६ आहे. तो एक फेरी नव्हे, रात्रभर चालवावा. तपमान व व्होल्टेज पाहण्यासाठीं एचडब्ल्यू इन्फो आहे. विंडोज प्रणालींतील घटनांच्या नोंदवहींत हार्डवेअरच्या सुधारलेल्या चुकाहि नोंदल्या जातात. ती वही उघडून पाहण्याची संवय लावावी. "सुधारलेली चूक" म्हणजे चूक नव्हे असें समजूं नये. ती पुढच्या न सुधारणाऱ्या चुकीची वर्दी आहे.

ज्यास हा छंद करावयाचा आहे त्यानें आमचा पुढील क्रम ध्यानीं ठेवावा. आरंभीं घरांतील सर्व महत्त्वाच्या फाइलींची प्रत निराळ्या चकतीवर घेऊन ती चकती यंत्रापासून सोडवून ठेवावी, आणि प्रत उघडून पाहावी. मग यंत्र मूळ वेगावर असतांनाच पूर्ण भाराखालीं तपमान किती चढतें तें वहींत टिपावें. तें आधींच ८५ अंशांवर जात असेल तर तेथेंच थांबावें व थंडाव्याची व्यवस्था सुधारावी. त्यानंतर गुणक एकानें वाढवावा, एकदम पांचांनीं नव्हे. आणि प्रत्येक वेळीं एकच गोष्ट बदलावी, नाहींतर दोष कशाचा हें कळत नाहीं. प्रत्येक पायरीस तासभर कसोटी द्यावी. अस्थिरता दिसली तर व्होल्टेज किंचित् वाढवावें किंवा, ह्याहून बरें, एक पायरी खालीं उतरावें. रॅमच्या बाबतींत तिच्यावर छापलेल्या वेगापर्यंतच जावें. ६००० छापलेली रॅमदेखील बायॉसमधील एक्स.एम.पी. किंवा एक्स्पो ही सोय चालूं केल्याविना बहुधा त्याहून कमी वेगानें चालत असते, तेव्हां तेवढें केलें तरी पुष्कळ झालें. यंत्र सुरूच होईनासें झालें तर घाबरूं नये. मदरबोर्डवरील बायॉसची आठवण पुसण्याची सोय वापरली कीं मूळ आंकडे परत येतात. आणि हें सर्व जानेवारींत केलें असेल तर मे महिन्यांत पुनः तपासावें. ह्याहि पलीकडे, वेग वाढविल्यानें कारखान्याची हमी रद्द होऊं शकते, हें वडिलांना आरंभींच सांगून टाकावें; नंतर दुकानदाराच्या तोंडून त्यांस कळूं नये.

व्होल्टेजचा फाजीलपणा कसा अंगाशीं येतो, ह्याचीं उदाहरणें खुद्द कारखान्यांच्या इतिहासांतच आहेत. २०२३ सालीं ए.एम.डी.च्या रायझेन ७००० मालेंतील कांहीं प्रोसेसर मदरबोर्डवर जळाल्याचें उघडकीस आलें, तेव्हां कंपनीनें त्यांतील एका व्होल्टेजला १.३ व्होल्टची कमाल मर्यादा घालून दिली. २०२४ सालीं इंटेलनें आपल्या १३ व्या व १४ व्या पिढींतील कांहीं प्रोसेसर वाढीव व्होल्टेजमुळें अस्थिर होत असल्याचें मान्य केलें, दुरुस्ती दिली व त्यांच्या हमीची मुदत २ वर्षांनीं वाढविली. पण जो प्रोसेसर आधींच झिजला होता, त्याची झीज त्या दुरुस्तीनें भरून निघण्यासारखी नव्हती. ज्यांच्याजवळ प्रयोगशाळा आहेत, त्यांच्याहि हातून जेथें अंदाज चुकतो, तेथें नववीच्या विद्यार्थ्यानें व्होल्टेजचा आंकडा सैल हातानें वाढवूं नये.

आमच्या मतें आपल्या उष्ण प्रदेशांत ह्या विद्येचा उत्तम उपयोग उलट दिशेनें आहे. वेग तोच ठेवावा आणि व्होल्टेज थोडथोडें कमी करीत जावें. व्होल्टेज शेंकडा ५ नें उतरलें तर उष्णता ०.९५ चा वर्ग, म्हणजे सुमारें ०.९० पट होते. काम तेवढेंच, ताप शेंकडा १० कमी. पंखा हळू फिरतो, आवाज उतरतो, विजेचें बिल थोडें वांचतें. आणि जो प्रोसेसर पूर्वीं तापून मंद होत असे, तो उन्हाळ्यांत आपला वेग टिकवूं लागतो. अर्थात् व्होल्टेज फार कमी केलें तरीहि यंत्र चुकतें, म्हणून कसोट्या त्याच लावाव्या. ह्यांत मधल्या सुटींत सांगण्याजोगा मोठा आंकडा मिळत नाहीं, हें खरें; पण घरांतील सर्वांना त्याचा उपयोग होतो.

कांहीं विद्यार्थी आमच्यावर रागावतील. "इतकी सावधगिरी बाळगली तर मौज काय राहिली? यंत्र आमचें आहे, मोडलें तर मोडलें!" असें ते म्हणतील. यंत्र खरोखरच तुमचें असेल, त्यावर दुसऱ्या कुणाचें कांहीं नसेल, आणि मोडल्यास तें पुनः घेण्याचा भार तुमच्या वडिलांवर पडणार नसेल, तर आमचें कांहीं म्हणणें नाहीं. जुनें, अडगळींत पडलेलें यंत्र घेऊन तुम्हीं खुशाल शिकावें. मोडल्यानें जें कळतें तेंहि ज्ञानच आहे. परंतु ज्या यंत्रावर आई भिशीचा हिशेब ठेवते, ताई नोकरीचे अर्ज करते आणि आजोबांचीं कागदपत्रें आहेत, तें यंत्र एकट्या तुमचें नाहीं. त्याचा वेग वाढवितांना तुम्ही त्या सर्वांच्या विश्वासावर पैज लावीत असतां, आणि त्यांना न विचारतां लावीत असतां.

पालकांसहि आमची एक विनंति आहे. ही सर्व माहिती वाचून "आजपासून यंत्राला हात लावावयाचा नाहीं" असा हुकूम कृपा करून सोडूं नये. हुकूम सोडला तर काम थांबत नाहीं, चोरून चालतें. आणि चोरून केलेल्या प्रयोगाची कसोटी कुणी घेत नाहीं. मुलगा किंवा मुलगी रात्रीं यंत्र उघडून बसते, तेव्हां एकदां शेजारीं खुर्ची ओढून बसावें व विचारावें, "हें काय मोजतोस? पूर्वीं किती होतें? आतां किती झालें? कशावरून?" "कशावरून" हा शब्द फार मोलाचा आहे. त्याचें उत्तर वहींतल्या आंकड्यांनीं देणारा विद्यार्थी वाया गेलेला नाहीं, हें आम्ही खात्रीनें सांगतों; आणि ज्यास त्याचें उत्तर देतां येत नाहीं, त्याला ती वही घेऊन देणें हाच खरा उपाय.

आतां ज्या गृहस्थांचा प्रश्न आम्हांजवळ पडून होता, त्यांस उत्तर. महाशय, छंद चालूं द्यावा. झोंपेची वेळ मात्र तुम्हीं ठरवावी. घरच्या फाइलींची प्रत निराळी काढून ठेवावी. चिरंजीवांस सांगावें कीं, यंत्राचा आंकडा कितीहि वाढो, आम्हांस तो मे महिन्याच्या दुपारीं दाखव, व रात्रभरच्या कसोटीनंतर दाखव. मग आम्हीहि तो अभिमानानें शेजाऱ्यांस सांगूं. चिरंजीवांस हवें असल्यास आमची जुनी वही पाहावयास यावें. तिच्यांत जानेवारींतला आमचा मोठा आंकडा आहे, आणि त्याच्या खालींच, दुसऱ्या शाईनें, ३७ हाहि आंकडा लिहिलेला आहे.